मारोतरावांनी बांधलेली गुहा

टँकरचं मागचं चाक गटारात गेलं होतं आणि उरलेला टँकर तिरका उभा होता. ड्रायव्हर खाली उतरून ज्याला त्याला सांगत होता, "म्या काहीच न्हाई केलं, रोज इथूनच जातो." सडक्या अंड्यांचा वास सगळ्या आवारात पसरला होता. जीएम बोराडे साहेब नाकाला रुमाल लावून ओरडत होते. रुमालातून ओरडणं सोपं नाही, पण साहेबांना कशातूनही ओरडायची सवय होती.

"गुत्तेदाराला बोलवा! आत्ताच्या आत्ता!"

गुत्तेदार म्हणजे कॉन्ट्रॅक्टर. आमच्याकडे सगळे गुत्तेदारच म्हणतात. हा गुत्तेदार म्हणजे मारोतराव शिंगाडे, ज्यांनी त्या गटारावरचा आरसीसी स्लॅब दोन-तीन वर्षांपूर्वी टाकला होता. तोच स्लॅब आता टँकरच्या चाकाखाली पापडासारखा मोडला होता.

मी तेव्हा जालना जिल्ह्यातल्या एका लहान खाजगी डिस्टिलरीत केमिस्ट होते. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. कारखान्यात बाई म्हणून मी एकटीच, त्यामुळे मला सगळे मॅडम म्हणायचे आणि कोणी फारसं काही विचारायचं नाही. त्या दिवशी मात्र विचारलं.

आधी हे गटार काय होतं ते सांगते. साखर कारखान्यात साखर काढून झाल्यावर जी मळी उरते, ती आंबवून डिस्टिलरीत अल्कोहोल काढतात. अल्कोहोल निघून गेल्यावर जे तपकिरी, गरम पाणी उरतं, त्याला स्पेंट वॉश म्हणतात. आम्ही तो बायोगॅस प्लांटमध्ये सोडायचो. तिथला गॅस बॉयलरला जायचा आणि पाणी गटारातून आवाराच्या पलीकडच्या मोठ्या तळ्यांत. गटार उघडं होतं. वारं गावाकडे फिरलं की गावकरी आमच्या गेटवर. "साहेब, घास तोंडात जाईना" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की माझाही घास अडायचा.

शेवटी ठरलं की गटार झाकून टाकायचं. काम मारोतरावांना मिळालं. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. मारोतराव घराण्यातले पहिले बांधकामवाले. पण राखण करत बसायची घराण्याची सवय त्यांनी सोडली नव्हती. स्लॅब टाकला की त्यावर ओली पोती पसरून, पाणी मारत, स्वतः शेजारी बसून राहायचे. कोणी म्हणालं, "मारोतराव, स्लॅब काय पळून चाललाय का?" तर म्हणायचे, "राखलं न्हाई का सगळंच पळतं."

त्यांनी स्लॅबचे सगळे सांधे सिमेंटच्या पातळ कालवणाने, म्हणजे स्लरीने, बुजवले. मग पाणी सोडायच्या आधी एक वेगळाच प्रकार केला. रिकाम्या गटारात धूप पेटवला, दोन्ही तोंडं पोत्यांनी बंद केली आणि स्वतः बायकोला, गयाबाईंना, घेऊन वर सांध्या-सांध्याशी वाकून वास घेत फिरले. जिथे धुपाचा वास आला तिथे पुन्हा स्लरी. आम्ही खिडकीतून बघून हसत होतो. शिफ्टमधल्या लोकांनी त्याला गटाराची आरती असं नावही दिलं. पण आरती फळली. मुंगी शिरायला जागा उरली नाही आणि गावातला वास बंद झाला. सरपंचांनी मारोतरावांना शाल-श्रीफळ दिलं. बोराडे साहेबांनी भाषण केलं. गटारासाठी सत्कार झालेला माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला.

गटाराचा तळ्याकडचा शेवटचा तुकडा मात्र साहेबांच्या मेहुण्यांनी बांधला. कॉलनीतली पोरं त्यांना मामा म्हणायची, म्हणून आम्हीही मामा म्हणायचो. मामांच्या कामात फटी अशा की वाकून बघितलं तर खालचं पाणी दिसायचं. तिकडे वस्ती नव्हती, वास जायचा तो बाभळींना. त्यामुळे कोणी तक्रार केली नाही.

आता गंमत अशी की मारोतरावांचा स्लॅब मोडला होता आणि मामांचा ठणठणीत उभा होता.

मारोतराव आले ते मोटारसायकल अर्धवट स्टँडवर लावूनच. मोडलेल्या तुकड्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. स्लॅबच्या खालच्या बाजूला पांढरा, ओला लगदा होता. बोट लावलं तर शिळ्या पिठल्यासारखा निघायचा. आतले गज गंजून सुतळीएवढे झाले होते.

"हे सिमेंट आहे का मारोतराव?" बोराडे साहेब म्हणाले. "हे तर दंतमंजन दिसतंय."

"साहेब, म्या बराबर माल टाकलाय. तुमच्या माणसादेखत टाकलाय. एक पोतं इकडचं तिकडं न्हाई केलं."

"मग पाण्यानं खाल्लं म्हणता? मॅडमचा रिपोर्ट बघा. मॅडम, गटाराच्या पाण्यात ॲसिड आहे का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी रोज त्या पाण्याचा पीएच तपासत असे. पीएच सातच्या खाली गेला की पाणी आम्ल, वर गेला की अल्कली. आमचं पाणी कायम सातच्या थोडं वर. म्हणजे त्यात ॲसिड नाही.

"नाही साहेब," मी म्हणाले. खरं होतं ते.

"ऐकलंत? आणि मामांचा स्लॅब त्याच पाण्यावर उभा आहे. मग फरक कशाचा? मालाचा! मी तुम्हाला ब्लॅकलिस्ट करणार आणि पोलिसांत तक्रारही देणार. उद्या कोणी मेलं असतं म्हणजे?"

मामा मागे उभे राहून मान डोलवत होते. आपल्या कामाची एवढी तारीफ त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली असावी.

मारोतरावांनी पायातल्या चपला काढल्या, धोतराचा सोगा खोचला आणि मोडलेल्या भोकाकडे निघाले.

"कुठे चाललात?"

"खाली. आतून पूर्ण स्लॅब बघून येतो. खोटा निघाला तर तिथंच पडून राहतो, वर न्हाई येत."

"जा, बघाच तुमचं काम," साहेब म्हणाले.

मी पळत जाऊन मारोतरावांचा दंड धरला. गुत्तेदाराचा दंड सगळ्या कारखान्यासमोर एका बाईनं धरला, यावर नंतर बरेच दिवस चर्चा झाली. पण मला त्या क्षणी प्रचंड भीती वाटली. सडक्या अंड्यांचा वास हा हायड्रोजन सल्फाइड नावाच्या गॅसचा. थोडा असला तर नुसता वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं बरं झालं, गेला वास. त्यानंतर माणूस पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो.

"कोणी आत उतरणार नाही," मी ओरडले. "साहेब, तुम्हीही तसं सांगायचं नाही. आणि इथे कोणी बिडी पेटवायची नाही."

मी साहेबांवर ओरडले होते. साहेबांनी रुमाल नाकावरून काढला, परत लावला. "बरं," म्हणाले. "सोमवारपर्यंत वेळ देतो. सोमवारी कागद जाणार."

मारोतराव जाताना मला म्हणाले, "ताई, गावात शाळेच्या खोल्या बांधून राह्यलो. स्लॅब टाकायचा हाये. ही बातमी गेली तर तिथं कोण उभं करंल मला?"

बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. दुसऱ्या दिवशी कळलं की शाळेचं काम थांबवलं. गावातले लोक म्हणाले, ज्याचा स्लॅब टँकरला पेलला नाही, तो आमच्या पोरांच्या डोक्यावर नको. ज्या गावानं शाल दिली तेच गाव. मला मारोतरावांचं फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे वाटलं की त्यांच्याविरुद्धचा सगळ्यात पक्का पुरावा माझा होता.

शनिवारी मी एसटीने जालन्याला, मस्तगड भागातल्या आमच्या घरी गेले. सासूबाईंनी दारातच माझ्या पायांकडे बघितलं.

"पुन्हा काळी पडली जोडवी! त्या सराफानं फसवलंय तुला. ही चांदीच न्हाई."

"आई, चांदी खरी आहे म्हणूनच काळी पडते. आमच्या कारखान्यातल्या गॅसनं."

"तुमच्या कारखान्यात गॅस पायात असतो का?"

सासूबाई कधी कधी अगदी लहान मुलासारखं विचारायच्या. मी हसले. मग पाय धुता धुता मी थांबले. गॅस पायात नसतो. गॅस पाण्यातही थांबत नाही. तो वर येतो. मी रोज गटाराचं पाणी तपासत होते, आणि मारोतरावांचा स्लॅब पाण्यात नव्हताच. तो पाण्याच्या वर होता. त्याच्या खालच्या अंगाला काय चाललंय, ते कोणीच तपासलं नव्हतं.

रविवारी मी जुनी पुस्तकं काढून बसले. सासूबाईंना वाटलं, मी सराफाविरुद्ध काही शोधतेय. त्या खूश होत्या.

सोमवारी सकाळी मी साहेबांना म्हटलं, "कागद पाठवायच्या आधी अर्धा तास द्या. आणि चेन ब्लॉक द्या." चेन ब्लॉक म्हणजे जड वस्तू वर उचलायची साखळी. गटारात न उतरता जे वर काढता येईल ते काढायचं, असं माझं म्हणणं. साहेब, मामा, मारोतराव आणि निम्मी शिफ्ट गटारापाशी जमली. वारं येतंय त्या बाजूला उभं राहा म्हणून मी सगळ्यांना हाकललं.

आधी मी मोडक्या स्लॅबच्या तुकड्यावर हातोडी मारली. वरच्या अंगाला टण्ण आवाज आला. आतलं काँक्रीट लोखंडासारखं होतं. मग खालच्या लगद्यावर निळा लिटमस कागद लावला. तो लालभडक झाला. तसाच दुसरा कागद गटाराच्या पाण्यात बुडवला, काही झालं नाही.

"पाणी साधं आणि छत ॲसिड?" साहेब म्हणाले. "वरून पाऊस पडतोय का ॲसिडचा?"

"थांबा. अजून एक बघू."

मारोतरावांनी गटारावर मधे मधे चेंबर ठेवले होते, आत बघायला, आणि त्यांवर झाकण म्हणून जाड शहाबादी फरशी घातली होती. ऑफिसचा व्हरांडा केला तेव्हा उरलेली. त्याही फरशीच्या कडा त्यांनी स्लरीने बुजवल्या होत्या, माणूसच तसा. माणसांनी पहारीने कडा मोकळ्या केल्या, चेन ब्लॉक लावला. फरशी वर आली. वरून निळसर करडी, गुळगुळीत, नवी.

"उलटी करा," मी म्हणाले.

खालच्या अंगाला खड्डेच खड्डे. दगड असा खाल्लेला की वाळवी लागलेलं दारच. वर तोच पांढरा लगदा, आणि त्यातून शेंबडासारखे चिकट धागे लोंबत होते. कोणीतरी "अरे बाप रे" म्हणालं. मला मात्र तो शेंबूड बघून इतका आनंद झाला की तो लपवता आला नाही.

"साहेब," मी म्हटलं, "या दगडात मारोतरावांनी सिमेंट किती कमी घातलं?"

साहेब फरशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फरशीच हलकी आणली असेल."

"याच ट्रकमधली फरशी तुमच्या व्हरांड्यात आहे. तुम्ही रोज तिच्यावर उभं राहून ओरडता. तिला काही झालंय का?"

मागे कोणीतरी हसलं. साहेबांनी मागे वळून बघितलं तेव्हा सगळी शिफ्ट गंभीर होती.

ऑफिसमध्ये चहा आला आणि मी समजावून सांगितलं. तुम्हालाही त्याच भाषेत सांगते.

गटाराच्या तळाच्या गाळात एक प्रकारचे जिवाणू राहतात. त्यांना हवा चालत नाही. ते मळीतला गंधक खातात आणि सडक्या अंड्यांचा गॅस सोडतात. गॅस वर येतो. वर छत ओलं, घामेजलेलं. त्या ओलीत दुसऱ्या जातीचे जिवाणू राहतात. त्यांना थोडी हवा लागते. ते हा गॅस खातात आणि चक्क सल्फ्युरिक ॲसिड बनवतात. खालच्यांचं उष्टं ते वरच्यांचं जेवण. सिमेंटात चुना असतो, शहाबादी फरशी म्हणजे तर चुनखडीच. ॲसिड आणि चुना भेटले की जिप्सम होतं, मूर्तीच्या प्लास्टरच्या घराण्यातलं. ते मऊ असतं, गळून पडतं. खाली पुन्हा नवा चुना उघडा, पुन्हा ॲसिड.

"जगात काही ठिकाणी चुनखडीच्या मोठमोठ्या गुहा अशाच झाल्यात," मी म्हणाले. "आपण शाळेत शिकलो की पावसाचं पाणी वरून झिरपतं आणि गुहा होते. बहुतेक गुहा तशाच होतात. पण काही खालून होतात. जमिनीखालून हाच गॅस वर येतो, जिवाणू त्याचं ॲसिड करतात आणि डोंगर आतून पोखरला जातो. मागे जिप्समचे ढीग राहतात. छतावरून असेच शेंबडासारखे धागे लोंबतात, आणि ते लिंबाहून आंबट असतात."

"आपल्याकडे कुठाय चुनखडी? सगळा काळा दगड."

"म्हणून तर आपल्या लोकांना लेणी छिन्नी घेऊन कोरावी लागली. इथे तुम्ही फरशी आणली, सिमेंट आणलं, वर झाकण घातलं, बाकी जिवाणूंनी केलं. डोंगरात जे व्हायला युगं लागतात ते आपल्याकडे दोन-तीन वर्षांत झालं."

"म्हणजे प्रॉडक्शन चांगलं आहे," साहेब म्हणाले. साहेब विनोद करायला लागले, म्हणजे कागद जाणार नाही, हे मला कळलं.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "पण मॅडम, मामांचा तुकडा का नाही सडला?"

याची मी वाटच बघत होते. "कारण त्यात फटी आहेत. गॅस निघून जातो, वारं खेळतं, छत कोरडं राहतं. छत कोरडं म्हणजे वरचे जिवाणू उपाशी. मारोतरावांनी धूप लावून एकेक फट बुजवली. गॅस कोंडला, ओल कोंडली. साहेब, काम वाईट झालं म्हणून स्लॅब गेला नाही. फार चांगलं झालं म्हणून गेला."

मग मामा खुर्चीत सरसावून बसले.

"मी व्हेंटिलेशन ठेवलंच होतं मुद्दाम," ते म्हणाले.

बोराडे साहेबांनी मेहुण्याकडे असं बघितलं की मामांनी चहा बशीत ओतून तोंड बशीत घातलं.

मारोतराव दाराशी उभे होते. त्यांना बसा म्हटलं तरी बसले नव्हते. त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे ताई, म्या फसवलं न्हाई?"

"नाही मारोतराव."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते. मग एकदम चिडले. "पण ही कोणती रीत झाली? चांगलं केलं का सडतं, अन् वंगाळ केलं का टिकतं? मंग माणसानं करावं तरी काय?"

मी म्हटलं, "चांगलंच करावं. फक्त गटाराला श्वास घेऊ द्यावा."

स्लॅब पुन्हा टाकायचं काम साहेबांनी मारोतरावांनाच दिलं. खालच्या अंगाला ॲसिडला दाद न देणारा थर लावायचा, ठराविक अंतरावर उंच व्हेंट पाइप उभे करायचे, म्हणजे गॅस गावाच्या डोक्यावरून निघून जाईल, आणि तळाचा गाळ साचू द्यायचा नाही, असं ठरलं. मारोतरावांनी सगळं केलं. फक्त पाइपासाठी स्लॅबमध्ये भोकं ठेवायची वेळ आली तेव्हा अडून बसले. धड काँक्रीटमध्ये आपल्या हातानं भोक ठेवायचं, हे त्यांच्या जिवावर आलं होतं.

"साहेब," ते म्हणाले, "तेवढं काम मामांना द्या. त्यांचा हात बसलेला हाये."

बोराडे साहेब एवढे हसले की त्यांना बसावं लागलं. मामा आठवडाभर कारखान्याकडे फिरकले नाहीत.

साहेबांनी गावात जाऊन सरपंचांना स्वतः सांगितलं की चूक मारोतरावांची नव्हती. माणूस ओरडका होता, पण एवढं त्यानं केलं. गावानं ऐकून घेतलं, पण विश्वास बसेना. दगड सडतो, हे कोण मानणार? तेव्हा मारोतरावांनी ती खाल्लेली फरशी माझ्याकडून मागून नेली. मी लगदा धुऊन, नीट वाळवून दिली. त्यांनी ती बैलगाडीत घालून गावात नेली आणि पारावर उलटी ठेवली. जो येईल त्याला म्हणायचे, "बोट घाला भोकात. घाला की. हा देवाचा दगड हाये, माझ्या हातचा न्हाई." लोकांनी बोटं घातली. शाळेचं काम पुन्हा सुरू झालं.

खोल्यांच्या उद्घाटनाला त्यांनी मला बोलावलं. गयाबाईंनी ओटी भरली. खोलीत शिरल्या शिरल्या माझी मान आपोआप वर गेली. स्लॅबकडे, कोपऱ्यांकडे. कुठे ओल, कुठे पांढरं काही.

मारोतराव बघत होते. "ताई, वर काय बघून राह्यल्या?" ते म्हणाले. "इथं खिडक्या ठुल्यात. चारी बाजूंनी. अन् मास्तरला सांगितलंय, बंद करायच्या न्हाईत."

मी पुढे बरीच वर्षं नोकरी केली. सासूबाईंनी सराफाला शेवटपर्यंत माफ केलं नाही. पण मीटिंगमध्ये कोणी "अमक्याचं काम निकृष्ट आहे" असं म्हणालं की मी पहिल्यांदा एकच विचारायची, फरशी उलटी करून बघितली का? बहुतेक वेळा कोणी बघितलेली नसायची.